सहा हजार मीटर आणि पाच सेंटिमीटर

ऑगस्ट २०२५ च्या पहिल्या आठवड्यात एक बातमी देशभर वाचली गेली. फ्रान्सच्या 'नॉटील' या खोलसागरी पाणबुडीतून दोन भारतीय अटलांटिक महासागरात उतरले. ५ ऑगस्टला राजू रमेश ४०२५ मीटर खोल गेले आणि ६ ऑगस्टला निवृत्त नौदल अधिकारी जतिंदर पाल सिंह ५००२ मीटरपर्यंत पोहोचले. ही आपल्या 'समुद्रयान' मोहिमेची पूर्वतयारी होती. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी घडवीत आहे. तीन माणसांना ६००० मीटर खोलीवर नेऊन सुखरूप परत आणणे हे तिचे उद्दिष्ट आहे.

बातमी अभिमानाची आहे, यात शंका नाही. तिच्यासोबत एक आकडाही सर्वत्र फिरला : सहा हजार मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागावरील हवेच्या दाबाच्या सुमारे ६०० पट असतो. आकडा बरोबर आहे. दर दहा मीटर पाण्यामागे साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. हिशेब कुणालाही तोंडी करता येईल. माझी तक्रार आकड्याबद्दल नसून त्यानंतर येणाऱ्या पूर्णविरामाबद्दल आहे. '६०० पट' म्हटले की वाचक थक्क होतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. दाब म्हणजे कुठेतरी दूर, काळोख्या तळाशी असलेली एक राक्षसी शक्ती, अशी समजूत मनात राहते. मी ज्या भिलाईत बसून हे लिहितो आहे, तेथे ही समजूत महागात पडू शकते. म्हणून हा लांबलेला मजकूर.

प्रथम मूळ मुद्दा. दाब कितीही मोठा असला तरी तेवढ्यानेच काही मोडत नाही. मोडते ते दोन बाजूंच्या दाबांतील फरकामुळे. आपल्या प्रत्येकाच्या अंगावर हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे दहा टन आहे. आपण चिरडले जात नाही, कारण शरीरातील द्रव आणि फुप्फुसांतील हवा तितक्याच दाबाने बाहेर रेटत असते. हजारो मीटर खोल राहणारे जीवही याच कारणाने सुखाने नांदतात. त्यांच्या आतही पाणी आहे आणि बाहेरही पाणीच आहे. अडचण येते ती माणसाची. त्याला त्या खोलीवर स्वतःभोवती एका वातावरणाची खोली हवी असते. आत १, बाहेर ६०० : पाणबुडीच्या भिंतीला पेलायचा असतो तो हा फरक.

'मत्स्य ६०००' मध्ये माणसे बसतील तो गोळा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा आहे. त्याचा आतला व्यास २.१ मीटर आणि भिंतीची जाडी ८० मिलिमीटर. एवढ्या माहितीवर आपण वही-पेन्सिल घेऊन बसू शकतो. बाहेरचा व्यास झाला २.२६ मीटर. मधोमध छेद घेतल्यास बाहेरच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ भरते चार चौरस मीटर. त्यावर ६०० वातावरणांचा दाब लावला, तर गोळ्याचे दोन अर्ध एकमेकांवर सुमारे साडेचोवीस हजार टनांच्या बलाने दाबले जातात. तो भार चहूबाजूंनी सारखा वाटला जावा म्हणूनच आकार गोल. पेटीसारख्या सपाट भिंती तेथे वाकल्या असत्या.

आता दुसरा हिशेब करू, कारण तो अधिक बोलका आहे. या गोळ्याच्या भिंतीत सुमारे १.२ घनमीटर धातू आहे. दारे-खिडक्यांचा तपशील सोडून दिला, तर टायटॅनियमचे वजन होते अंदाजे सव्वापाच टन. गोळा बाजूला सारतो ते समुद्राचे पाणी मात्र सव्वासहा टन. म्हणजे नुसता रिकामा गोळा पाण्यावर तरंगेल! तोच गोळा तेवढ्याच जाडीच्या पोलादाचा केला, तर वजन सव्वानऊ टनांच्या पुढे जाईल आणि तो दगडासारखा तळ गाठेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये बंगालच्या उपसागरात सुमारे ६०० मीटरपर्यंत नेलेला चाचणीचा गोळा पोलादाचाच होता. उथळ पाण्यासाठी भिंत पातळ ठेवता येते. सहा हजार मीटरसाठी मात्र धातू बलवान हवा आणि हलकाही हवा. टायटॅनियम कशासाठी, याचे उत्तर अशा रीतीने दाब आणि तरंगणे या दोन्ही गोष्टींत मिळून आहे.

तरंगणे हीदेखील वेगळी जादू नाही. शाळेत आपण आर्किमिडीजचे तत्त्व पाठ करतो : वस्तूने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतके प्लावक बल तिच्यावर वर ढकलते. हे बल येते कोठून, असे विचारले की बहुतेक विद्यार्थी गप्प होतात. ते येते दाबातील फरकातून. एक मीटर बाजूचा पोलादाचा ठोकळा पाण्यात बुडवा. त्याचा तळ माथ्यापेक्षा एक मीटर खाली आहे, म्हणून तळावरचा दाब माथ्यावरच्या दाबापेक्षा एक मीटर पाण्याइतका जास्त आहे. एका चौरस मीटरवर एक मीटर पाणी म्हणजे एक टन. पाणी त्या ठोकळ्याला एका टनाच्या बलाने वर उचलते. ठोकळा आहे पावणेआठ टनांहून थोडा अधिक, म्हणून तो बुडतो. त्याला आणखी शंभर मीटर खोल न्या : तळावरचा दाब वाढतो, माथ्यावरचाही तेवढाच वाढतो, फरक तोच राहतो आणि उचलणारे बलही तेच राहते. खोल गेल्यावर पाणी वस्तूला अधिकाधिक खाली दाबते, ही सर्वसामान्य समजूत येथे गळून पडते.

भिलाईच्या मुलांना हे शिकवताना माझ्या हाताशी एक सुंदर उदाहरण असते. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे 'आयएनएस विक्रांत' नौदलात दाखल झाली. २६२ मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद अशा या विमानवाहू जहाजाचे पूर्ण भारासह वजन सुमारे ४३ हजार टन आहे. तिच्यासाठी लागलेले सुमारे तीस हजार टन विशेष पोलाद 'सेल'ने पुरवले आणि ते भिलाई, बोकारो व राउरकेला येथील कारखान्यांतून गेले. लोखंड बुडते असे पाठ केलेल्या मुलाला सांगावे : तुझ्या गावचे लोखंड समुद्रावर तरंगते आहे आणि त्याच्या पाठीवरून विमाने उडत आहेत. त्याच धातूला पोकळ आकार दिला, ४३ हजार टन पाणी बाजूला सारील एवढी जागा त्याने व्यापली, की जहाजाच्या तळाखालच्या पाण्याचा दाब तेवढे वजन उचलून धरतो.

येथपर्यंतची गोष्ट आनंदाची आहे. दाबातील फरकाची दुसरी गोष्ट याच शहरातली आहे आणि ती सांगितल्यावाचून पहिली अपुरी राहते.

१२ जून २०१४ च्या संध्याकाळी भिलाई पोलाद कारखान्यात वायुगळती झाली. सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. आणखी कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार घटनेचा आरंभ वायूच्या वाहिनीत झाला नव्हता, तो पाण्यात झाला. पंप हाऊस क्रमांक २ मध्ये बिघाड झाला, झोतभट्ट्यांच्या वायुशुद्धीकरण यंत्रणेकडे जाणारा पाणीपुरवठा खंडित झाला, पाण्याचा दाब उतरला आणि कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू बाहेर पडला.

ही वाक्ये वृत्तपत्रात वाचणाऱ्याला एक प्रश्न पडायला हवा होता : पाणी बंद पडले तर वायू का सुटावा? पाण्याचा पंप आणि विषारी वायू यांचा संबंध काय? उत्तर आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

न्हाणीघराच्या जाळीखाली जे वाकडे भांडे बसवलेले असते, त्याला सगळ्या देशातले प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या मराठी नहाणीने बांधकामाच्या परिभाषेला दिलेला हा शब्द. त्या भांड्यात नेहमी थोडे पाणी साठून राहते, साधारण पाच सेंटिमीटर. सांडपाणी त्यावरून निघून जाते. पण गटारातली हवा उलट घरात येऊ शकत नाही, कारण ते पाच सेंटिमीटर पाणी तिची वाट अडवते. महिनाभर घर बंद ठेवून गावाहून परतलात की न्हाणीघरात दुर्गंधी येते. काही तुटलेले नसते, काही फुटलेले नसते. फक्त ट्रॅपमधले पाणी सुकलेले असते. तांब्याभर पाणी ओतले की वास थांबतो.

या पाच सेंटिमीटर पाण्याची ताकद किती? हवेच्या दाबाचा फक्त दोनशेवा भाग. गटारातल्या हवेचा दाब घरातल्या हवेहून तेवढाही जास्त नसतो, म्हणून हे पुरते. कुलूप दाबांच्या फरकाचे आहे आणि त्याची मर्यादा सेंटिमीटरमध्ये मोजता येते.

पोलाद कारखान्यात हेच कुलूप मोठ्या आकारात जागोजागी आढळते. तेथे त्याला वॉटर सील म्हणतात. झोतभट्टीच्या माथ्यातून निघणारा वायू हे जळाऊ इंधन असते. त्यात साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. तो धुळीने भरलेला असतो, म्हणून स्क्रबरमध्ये पाण्याच्या फवाऱ्याने धुतला जातो आणि मग वाहिन्यांतून इतर विभागांकडे जातो. स्वच्छ वायूच्या वाहिन्यांतला दाब कारखान्यातले लोक 'इतके मिलिमीटर पाणी' असा सांगतात. हे मोजमाप मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण त्याच्या नावातच इशारा आहे : एवढी उंची पाण्याची असेल तर मी थांबेन, कमी असेल तर येईन.

भट्टीच्या माथ्याजवळचा दाब त्याहून पुष्कळ मोठा असतो. आधुनिक भट्ट्यांत तो बाहेरच्या हवेपेक्षा एक-दोन वातावरणांनी अधिक ठेवतात. एक वातावरण म्हणजे दहा मीटर पाणी. अशा वायूत पाण्याचा फवारा सोडायचा, तर पाणी त्याहून जास्त दाबाने रेटावे लागते. पंप चालू आहे तोवर पाण्याचा दाब वरचढ आणि पाणी वायूकडे जाते. पंप थांबला, वाहिनी फुटली किंवा पाणी आटले की पारडे फिरते. ज्या नळातून पाणी वायूकडे जात होते, त्याच नळातून वायू पाण्याच्या बाजूला येऊ शकतो. मध्ये झडप असेल, ती वेळेवर आणि पूर्ण मिटली तर ठीक. नाहीतर नळाला दिशा कळत नाही. नळाला फक्त दाबातला फरक कळतो.

म्हणून अशा ठिकाणी पाण्याच्या दाबमापकाचा काटा खाली येणे म्हणजे 'पाणीपुरवठ्यात अडथळा' एवढेच नव्हे. तो वायू येत असल्याचा निरोप असू शकतो आणि तो निरोप वायू पोहोचण्यापूर्वी येतो. हे कळणे आणि न कळणे यांत माणसाच्या आयुष्याचे अंतर आहे.

येथे तरंगण्या-बुडण्याचा प्रश्न पुन्हा समोर येतो, या वेळी हवेत. वायूंनाही प्लावक बल लागू आहे. आपण सगळे हवेच्या सागरात बुडालेले आहोत. पासष्ट किलोच्या माणसाला हवा जवळपास ऐंशी ग्रॅमनी हलके करते, आपल्याला ते जाणवत नाही इतकेच. सुटलेला वायू कोठे जाईल हे त्याच्या घनतेवर ठरते. एकाच तापमानाला आणि दाबाला वायूची घनता त्याच्या रेणुभारानुसार असते. हवेचा सरासरी रेणुभार २९. हायड्रोजनचा २, म्हणून तो झपाट्याने वर जातो. स्वयंपाकाच्या गॅसमधल्या प्रोपेनचा ४४ आणि ब्युटेनचा ५८, म्हणून सिलिंडर गळला की गॅस जमिनीलगत साचतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये सुटलेल्या मिथाइल आयसोसायनेटचा ५७. हवेहून दुप्पट जड असा तो ढग थंड रात्री वस्त्यांमधून जमिनीवरून सरपटत गेला.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा? २८. हवेच्या अगदी शेजारी. कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन धरून झोतभट्टीच्या वायूचा सरासरी रेणुभार ३० च्या आसपास येतो. म्हणजे थंड झालेला हा वायू वरही उडून जात नाही आणि खालीही बसत नाही. तो असतो तेथेच, आपल्या नाकाच्या उंचीवर, हवेत मिसळून रेंगाळतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरते. वास्तविक 'काय तरंगते आणि काय बुडते' या पाठातला सर्वांत महत्त्वाचा तिसरा प्रकार हाच : जे तरंगतही नाही आणि बुडतही नाही. पाठ्यपुस्तकात त्यासाठी पाण्यात अधांतरी राहिलेल्या अंड्याचे चित्र असते. कारखान्याच्या गावात त्या चित्राशेजारी हा वायूही असायला हवा.

आता माझे मत मांडतो.

कुणी म्हणेल, हा भौतिकशास्त्राचा नव्हे, सुरक्षा-व्यवस्थापनाचा विषय आहे. कामगाराला नियम हवेत, सिद्धांत नकोत. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मी आधी मान्य करतो. त्या संध्याकाळी ज्यांनी प्राण गमावले, त्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हते असे सुचवणे अन्यायाचे होईल. अनुभवी अभियंतेही त्यात गेले. वायूचा वास येत नाही, पाण्याचा बिघाड दुरुस्त करण्याची निकड असते आणि माणूस कर्तव्य म्हणून पुढे जातो. म्हणूनच ज्ञान केवळ माणसांच्या डोक्यात असून भागत नाही. ते यंत्रणेत उतरलेले असावे लागते. पाण्याचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की वायूचा धोका-इशारा आपोआप वाजावा, पंप हाऊसमध्येही वायुमापक असावे, केवळ पाण्याच्या भरवशावर माणसाला वायूच्या समोर उभे करू नये, या गोष्टी रचनेच्या आहेत.

पण 'नियम पुरेत' हे म्हणणे मला मान्य नाही. नियम नेहमीच्या दिवसांसाठी लिहिलेले असतात. अपघात होतो तो नियमपुस्तिकेच्या दोन पानांच्या मधल्या फटीत. पाण्याचा विभाग पाण्याचे नियम पाळत असतो, वायूचा विभाग वायूचे. आणि धोका एका विभागातून दुसऱ्या विभागात नळातून जात असतो. तेथे उपयोगी पडते ते तत्त्व, कारण तत्त्वाला विभाग नसतात. 'जास्त दाबाकडून कमी दाबाकडे' हे एक वाक्य ज्याच्या हाडीमाशी खिळले आहे, तो नव्या, न लिहिलेल्या प्रसंगातही योग्य प्रश्न विचारतो : पलीकडे काय आहे आणि आता वरचढ कोण आहे?

दाबाचे शास्त्र मुळात अशाच ठिकाणी जन्मले, हेही विसरू नये. चूषणपंपाने पाणी सुमारे दहा मीटरपेक्षा वर का चढत नाही, हे कोडे पंप वापरणाऱ्या कारागिरांना माहीत होते. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली. त्याचा शिष्य टॉरिसेली याने १६४४ मध्ये पाऱ्याच्या नळीने उत्तर दिले : पाणी वर ओढले जात नाही, बाहेरची हवा त्याला ढकलते आणि तिची ढकलण्याची ताकद तेवढीच आहे. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कालच्या मेहुण्याने ती नळी डोंगरावर नेऊन पाहिली आणि उंचीबरोबर पारा खाली आला. पंप हाऊसमध्ये सुरू झालेले शास्त्र प्रयोगशाळेत गेले, सूत्र बनले, पाठ्यपुस्तकात बसले. त्याला परत पंप हाऊसपर्यंत पोहोचवण्याचे काम मात्र आपण अर्धवट सोडले आहे.

महाराष्ट्रात आठवीच्या विज्ञानात 'बल व दाब' हा पाठ आहे. छत्तीसगडच्या मुलांनाही याच वयात दाब आणि तरंगणे भेटते. परीक्षेत प्रश्न येतो तो ठोकळ्याच्या वजनाचा. मी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, शिकवण्याची. गवंडी पातळी जुळवायला वापरतात ती पारदर्शक नळी दोन-तीन मीटर घ्या, यू आकारात भिंतीला बांधा आणि स्वच्छ पाणी भरा. दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसेल. एका टोकाने विद्यार्थ्याला फुंकू द्या. एका बाजूचे पाणी खाली जाईल, दुसरीकडे चढेल. दोन पातळ्यांतील अंतर म्हणजे त्याच्या फुंकरीचा दाब. आता नळीत पाणी इतकेच ठेवा की प्रत्येक बाजूला चार-पाच सेंटिमीटर उभे राहील आणि पुन्हा फुंकायला सांगा. पाणी उडून जाईल आणि हवा पलीकडे निघेल. त्या क्षणी मुलाला वॉटर सील कळते आणि ते कशाने हरते हेही कळते. या प्रयोगाला शंभर-दोनशे रुपयांहून अधिक खर्च नाही. १९५९ पासून येथे पोलाद वितळते आहे आणि २०१६ पासून येथे आयआयटीही आहे. या शहरातल्या प्रत्येक शाळेत ही नळी भिंतीवर असावी, ही अपेक्षा फार मोठी नाही. कारखान्यात कंत्राटावर येणाऱ्या कामगाराच्या पहिल्या दिवसाच्या प्रशिक्षणातही ती असावी. सूचनाफलक वाचून जे लक्षात राहत नाही, ते स्वतः फुंकून पाहिल्यावर विसरले जात नाही.

दुसरी, अहवालांची. देशात विमान-अपघातांचे चौकशी अहवाल प्रसिद्ध होतात आणि जगभरचे वैमानिक ते अभ्यासतात. अमेरिकेत रासायनिक कारखान्यांतील मोठ्या अपघातांची चौकशी करणारे स्वतंत्र मंडळ आपले अहवाल आणि चित्रफिती सर्वांसाठी खुल्या ठेवते. तेथील विद्यार्थी त्यांतून शिकतात. आपल्याकडे भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देण्याचे बंधन आले. त्यामागचा विचार पुढे न्यायला हवा. औद्योगिक अपघाताचा तांत्रिक अहवाल, व्यक्तींची नावे वगळून का होईना, अभियांत्रिकीच्या आणि आयटीआयच्या वर्गात पोहोचला पाहिजे. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी याच कारखान्यात कोक ओव्हनच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम चालू असताना भडका उडाला आणि दहाहून अधिक माणसे गेली. कारणे वेगळी होती, पण वायू, वाहिनी आणि दाब तेच. दोष कुणाचा हे न्यायालय आणि चौकशी समिती ठरवील. घडले कसे, हे कळण्याचा हक्क मात्र त्याच दारातून उद्या आत जाणाऱ्या प्रत्येक तरुणाला आहे.

तिसरी, आम्हा विज्ञान लिहिणाऱ्यांची. 'मत्स्य ६०००' पाण्यात उतरेल तेव्हा आपण सगळे लिहू आणि लिहिलेच पाहिजे. त्या गोळ्याच्या भिंतीत भारतीय धातुशास्त्राची मोठी तपश्चर्या आहे. जून २०२३ मध्ये 'टायटन' ही खासगी पाणबुडी अटलांटिकात चिरडून पाच जण गेले, तेव्हा दाबातील फरक क्षणात काय करू शकतो हे जगाने पाहिले आहे. पण त्या लेखांत एक वाक्य अधिक घालू या : हाच नियम तुमच्या न्हाणीघरात आहे, स्वयंपाकघरातल्या सिलिंडरजवळ आहे, तुमच्या वडिलांच्या किंवा मुलीच्या कामाच्या पाळीत आहे. सहा हजार मीटरवर तीन माणसे जातील आणि त्यांच्यासाठी शेकडो शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे फरकाचा हिशेब करीत आहेत. दोन-चार मीटर पाण्याच्या आडोशाला या देशात रोज हजारो माणसे काम करतात. त्यांच्या वाट्यालाही तेवढाच काटेकोर हिशेब यायला हवा.

विद्यार्थ्यांनो, आज घरी गेलात की न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघराच्या जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि घरातल्या लहान भावंडाला सांगा की आपण हे का करतो. त्याने 'पाणी सुकले तर?' असे विचारले, तर समजा की दाबाचा धडा त्याला कळला. आणि तुमच्यापैकी जे उद्या कारखान्यात जाल, त्यांनी तोच प्रश्न तेथेही विचारायला लाजू नये. पहिल्याच दिवशी, मोठ्याने विचारा : हे पाणी बंद पडले, तर पलीकडून काय येईल?